'ट्रायल'च्या नावाखालची नवी वेठ

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचे हे लेखी रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजच्या दिवशी विहाराच्या वाटचालीवर बोलावं असा रिवाज आहे. ते काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम केलं आहे. मी आज एका लहानशा शब्दावर बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'ट्रायल'. म्हाताऱ्या माणसांना वाटेल, हे काय नवीन? पण मागे दाराशी उभ्या असलेल्या पोरांना विचारा. त्यांना हा शब्द चांगला ठाऊक आहे.

सकाळचं कॉलेज, दुपारी चार-पाच तासांचं काम, संध्याकाळी अभ्यास, असा बेत करून आपली मुलं-मुली काम शोधायला निघतात. एखाद्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवलेला असतो, 'कामासाठी मुले-मुली पाहिजेत'. पोरगं आत जातं. मालक वरपासून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "तीन दिवस येऊन बघ. जमलं तर ठेवू." पोरगं खूश! घरी येऊन आईला सांगतं, काम लागलं. मग तीन दिवस ते गोडाऊनमधून माल आणतं, गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडतं, त्या पुन्हा घडी करून ठेवतं, रात्री शटर ओढून घरी येतं. चौथ्या दिवशी मालक म्हणतो, "कळवतो." तो 'कळवतो' आजपर्यंत कुणाला कळलेला नाही! फोन लावला तर उचलत नाहीत. आणि तीन दिवसांचे पैसे? "अरे, ती तर ट्रायल होती!"

हे फक्त कापडाच्या दुकानात होतं असं नाही. केकच्या दुकानात सणाच्या गर्दीत खोकी बांधायला मुली घेतात, तीही ट्रायल. खाजगी क्लासमध्ये आपल्या पदवीधर मुलाला 'डेमो' म्हणून आठवडाभर शिकवायला लावतात, वरून पेपरचा गठ्ठा तपासायला देतात. फोनवर बोलण्याच्या नोकरीत 'पहिले सात दिवस ट्रेनिंग, पगार नाही' असं सांगतात, आणि दुसऱ्याच दिवसापासून खऱ्या गिऱ्हाइकांना फोन करायला बसवतात. ब्यूटी पार्लरमध्ये, हॉटेलात, लग्नाच्या केटरिंगमध्ये हाच प्रकार. नावं निरनिराळी, ट्रायल, डेमो, ट्रेनिंग, ऑब्झर्वेशन. मालकाच्या हिशेबाच्या वहीत मात्र सगळीकडे एकच आकडा, शून्य.

बंधू-भगिनींनो, जरा हिशेब करून बघा. एका दुकानदाराने दर तीन दिवसांनी नवीन पोरगं ट्रायलला घेतलं, तर महिन्याला दहा पोरं झाली. म्हणजे तीसही दिवस एक माणूस त्याच्या दुकानात राबला, आणि त्याच्या गल्ल्यातून एक पैसा गेला नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा हंगाम असाच निघून जातो. दहा पोरांपैकी प्रत्येकाला वाटतं, आपण नापास झालो, आपल्यातच काहीतरी कमी आहे. एकाही पोराला हे कळत नाही की त्या दुकानात जागाच नव्हती! जागा होती ती फुकट काम करणाऱ्याची.

आणि तीन दिवस फुकट काम करणं सगळ्यांना सारखं परवडतं काय? ज्याचे वडील गलेलठ्ठ पगारावर आहेत त्याला परवडतं. आपल्या पोराच्या खिशातून तीन दिवसांचं जाण्या-येण्याचं भाडं जातं, कॉलेजची तीन दिवसांची हजेरी जाते, आणि दुसरीकडे कुठे खरं काम मिळणार असतं तेही हातचं जातं. पोरीला रात्री उशिरा परत यावं लागलं तर घरातलं एक माणूस तिला आणायला जातं. म्हणजे फुकट काम एकटी पोरगी करत नाही, तिच्याबरोबर अख्खं घर करतं. मग शेवटी निवड कोणाची होते? कामात हुशार असतो त्याची नाही. जो जास्त दिवस फुकट थांबू शकतो त्याची.

आता कोणी म्हणेल, मालकाने माणूस पारखून घेऊ नये काय? जरूर घ्यावा. परीक्षेला आपला विरोध नाही. परीक्षेला घाबरणारी आपली जात नाही. टायपिंग येतं का ते पंधरा मिनिटांत कळतं. शिकवता येतं का ते अर्ध्या तासाच्या एका तासिकेत कळतं. सुरी धरता येते का हे चार कांदे चिरले की कळतं. त्याला तीन दिवस लागत नाहीत. तेव्हा पोरांनो, परीक्षा कोणती आणि काम कोणतं हे ओळखायला चार प्रश्न लक्षात ठेवा. एक, किती वेळ? दोन, शेजारी कोणी उभं राहून आपलं काम बघतंय का, की आपल्याला एकट्याला जुंपलंय? तीन, समोर खरं गिऱ्हाईक आहे का? चार, आपण जे केलं त्याचे पैसे कोणाच्या गल्ल्यात गेले? मालकाच्या गल्ल्यात पैसे पडले असतील तर ती परीक्षा नव्हे, ते काम. आणि काम झालं की दाम झालं पाहिजे.

ही गोष्ट आपल्या विहारात का बोलायची? कारण फुकट कामाचा इतिहास आपल्याइतका कोणाला ठाऊक आहे? आपल्या आज्या-पणज्यांनी गावकी केली. सरकारी अंमलदार आला की त्याचं ओझं वाहा, सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला पळा, मेलेलं जनावर ओढा. दिवस नाही, रात्र नाही, कामाची मोजदाद नाही. मोबदला म्हणजे बलुतं आणि दारोदारची शिळी भाकर. आणि हे सगळं 'वतन' या मोठ्या नावाखाली! बाबासाहेबांनी हे वतनाचं जोखड नीट ओळखलं होतं. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करण्याचं विधेयक मांडलं. काम काय आणि त्याचा मोबदला किती, हे ठरलेलं असलं पाहिजे, हा त्या लढ्याचा गाभा होता. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं नाहीशी झाली.

तीन दिवसांची ट्रायल आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गावकी एकच आहे असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर आपल्या पूर्वजांच्या दुःखाचा तो अपमान होईल. तिथं माणूस जन्माने बांधलेला होता; इथं पोरगं चौथ्या दिवशी घरी येऊ शकतं. पण धागा तोच आहे. काम घ्यायचं, ते मोजायचं नाही, आणि मोबदला मागितला तर उपकाराची भाषा करायची! तेव्हा म्हणत, "गावात राहू देतो ना?" आता म्हणतात, "शिकायला मिळतंय ना?"

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. कामाचे तास आठ असावेत हा विषय त्यांच्याच काळात, नोव्हेंबर १९४२ च्या कामगार परिषदेत ऐरणीवर आला, आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलं गेलं, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. त्यातून पुढे १९४८ चा किमान वेतन कायदा झाला. राज्यघटनेत कलम २३ आलं. वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना त्या कलमाने बंदी घातली. ही बंदी नुसती सरकारवर नाही. दुकानदारावर, ठेकेदारावर, सगळ्यांवर आहे.

कोणी म्हणेल, "सक्ती कुठे आहे? पोरगं तर आपल्या पायाने आलं होतं." याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच देऊन ठेवलं आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामं चालू होती. मजुरांची किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती. मधले जमादार त्यातला एक रुपया दलाली म्हणून कापून घेत आणि मजुराच्या हातात सव्वाआठ पडत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. त्याचा आशय असा, की माणूस भुकेपायी, गरिबीपायी किमान मजुरीहून कमी पैशात काम पत्करतो, तेव्हा तीही सक्तीच असते आणि ते कलम २३ चं उल्लंघन आहे. मित्रहो, एक रुपया कमी दिला तर न्यायालय त्याला सक्तीची मजुरी म्हणतं. मग जिथं सगळेच रुपये दिले नाहीत, तिथं काय म्हणायचं?

आता आजचा कायदा काय आहे ते थोडक्यात सांगतो. १९४८ चा किमान वेतन कायदा आता वेतन संहिता, २०१९ यात सामावला गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात किमान वेतन सगळ्या प्रकारच्या कामांना लागू केलं आहे. दुकान मोठं असो की छोटं, कामगार संघटित असो की असंघटित. रोजंदारीवर असेल त्याला पाळी संपताच पैसे मिळाले पाहिजेत. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण झाला पाहिजे. पैसे बुडवले तर तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो, आणि अधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम करू शकतो. कमी पैसे देणाऱ्या मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐका. पैसे दिले की नाहीत असा वाद झाला, तर 'दिले' हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

पण एक अडचण मी लपवणार नाही. मालक तिथं म्हणणार, "हा माझा कामगारच नव्हता, नुसता बघायला आला होता." तेव्हा आपण काम केलं हे दाखवणं आपल्याकडे येतं. म्हणून पुरावा लागतो. पुरावा म्हणजे फार मोठी भानगड नाही. कामाला जाण्याआधी मालकाच्या फोनवर साधा निरोप पाठवा, "उद्यापासून तीन दिवस दुपारी दोन ते रात्री आठ या वेळेत ट्रायलला बोलावलं आहे, रोज किती मिळेल ते कळवावं." उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तरी तुमचा निरोप तारीख-वेळेसह राहतो. छोट्या वहीत रोज लिहा, किती वाजता गेलो, काय काम केलं, किती वाजता सुटलो. बरोबर कोण होतं ते लिहा. मालकाने कामाबद्दल पाठवलेला एकही निरोप पुसू नका. मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला कोणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या. गणवेशाचे पैसे, अनामत, 'नोंदणी फी' असं काही मागितलं तर तिथूनच परत फिरा. जो पगार देण्याआधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो पगार काय देणार?

खरं शिक्षण देणारी शिकाऊ उमेदवारी वेगळी असते. ती १९६१ च्या कायद्याखाली असते, तिचा लेखी करार असतो, नोंद असते आणि विद्यावेतनही असतं. म्हणजे कायद्यातला शिकाऊसुद्धा फुकट राबत नाही. कोणी 'ट्रेनिंग' म्हणालं तर हात जोडून विचारा, "साहेब, करार कुठे आहे?"

वयाचंही बघा. कुटुंबाच्या कामात मदत वगैरे अपवाद सोडले तर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणंच गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचं काम देता येत नाही, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात कामाला लावता येत नाही. अकरावी-बारावीतल्या मुलीला रात्री दहापर्यंत दुकानात थांबवणारा मालक पैसे देवो न देवो, कायदा मोडतोच.

तक्रार कुठे करायची? प्रत्येक जिल्ह्यात कामगार खात्याचं कार्यालय आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कामगार भवन आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, महिलेला आणि लहान मुलाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९९० पासून बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मान्य झाला आहे, तेव्हा आपला हक्क तिथं पक्का आहे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. लिहून घ्या.

हा प्रश्न आपल्या गल्लीपुरता नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर आपली मुलं परदेशात शिकायला जातात. आपल्याला केवढा अभिमान वाटतो! पण खर्च भागवायला तीही तिथं अर्धवेळ काम शोधतात. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तासच काम करता येतं. त्यातलेही काही तास फुकट ट्रायलमध्ये गेले, तर उरलं काय? तिथंही ही रीत आहे. २०१८ साली स्टुअर्ट मॅक्डोनाल्ड नावाच्या स्कॉटिश खासदाराने बिनपगारी ट्रायल बंद करण्याचं विधेयक संसदेत चर्चेला आणलं होतं. चर्चेतच वेळ संपवला गेला आणि ते मतदानाला न येता बारगळलं. मात्र तिथल्या सरकारी मार्गदर्शनात म्हटलं आहे, की एका दिवसाहून जास्त चाललेल्या ट्रायलला बहुतेक वेळा किमान वेतन द्यावंच लागेल. ऑस्ट्रेलियातही कौशल्य तपासायला जेवढा वेळ खरोखर लागतो, फार तर एक पाळी, तेवढीच ट्रायल बिनपगारी चालते. तेव्हा ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी आज रात्री फोनवर 'जेवलास का' विचारताना हेही विचारावं, "बाळा, ट्रायलचे पैसे दिले का?"

आता थोडं कडू बोलतो. राग मानू नका. मालक म्हणजे नेहमी कोणीतरी परकाच असतो असं नाही. आज आपल्यातही केटरर आहेत, मंडपवाले आहेत, क्लास चालवणारे आहेत, झेरॉक्सची दुकानं आहेत. त्याचा आनंद आहे. पण आपल्याच वस्तीतल्या पोराला "घरचाच आहेस, दोन दिवस बघ" म्हणून राबवून घेतलं, तर ते आपल्याला शोभतं काय? तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाला उपदेश करताना मालकाची कर्तव्यंसुद्धा सांगितली आहेत. नोकराला झेपेल तेवढं काम द्यावं, त्याला अन्न आणि वेतन द्यावं, आजारात त्याची काळजी घ्यावी, वेळच्या वेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेलं हे, आपण आज तरी पाळू या.

कोणी विचारेल, मग विहाराच्या कामाचं काय? आपली पोरं जयंतीला रात्र-रात्र पताका लावतात, इथं झाडलोट करतात, त्याचे पैसे कुठे देतो? मित्रहो, ते श्रमदान आहे. दान मनाने होतं. त्यात कोणाला नोकरीचं आमिष दाखवलेलं नसतं आणि त्यातून कोणाचा गल्ला भरत नाही. दान आणि लूट यांतला फरक एवढाच आहे. देणाऱ्याच्या हातात 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे की नाही.

शेवटी आई-वडिलांना सांगणं आहे. पोरगं पैसे न घेता घरी आलं की आपण काय म्हणतो? "जाऊ दे, शिकायला तर मिळालं." नाहीतर, "तुलाच नीट जमलं नसेल." हे दोन्ही बोलणं बंद करा. त्याऐवजी विचारा, किती दिवस केलं, किती तास केलं, कोणी बोलावलं होतं? आणि त्याच्याबरोबर दुकानात जा. भांडायला नाही. शांतपणे, वही पुढे ठेवून, हिशेब मागायला. एकटं पोरगं पैसे मागतं तेव्हा मालक त्याला हाकलतो. आई-वडील आणि वस्तीतली चार शहाणी माणसं मागतात तेव्हा तो खुर्ची देतो.

म्हणून माझी विहार कमिटीला विनंती आहे. इथल्या वाचनालयात दर रविवारी वंदनेनंतर एक तास एक टेबल ठेवा. त्यावर एक वही ठेवा. ज्या पोराचे, ज्या पोरीचे पैसे बुडाले, त्याने तिथं दुकान, तारीख आणि तास लिहावेत. एकाच दुकानाचं नाव तीनदा आलं की आपोआप कळेल, हे चुकून झालेलं नाही. मग तिघांनी मिळून कामगार कार्यालयात जावं. भिंतीवर शासनाने जाहीर केलेले किमान वेतनाचे दर लावा. महागाईचा विशेष भत्ता सहा-सहा महिन्यांनी बदलतो, तेव्हा कागदही बदलत राहा. याला खर्च काय? एक वही, एक पेन आणि एक तास.

बाबासाहेबांनी आपल्याला गावकीतून बाहेर काढलं. आता आपल्या पोरांना शहरातल्या काचेच्या दुकानात पुन्हा फुकट राबू द्यायचं नाही, एवढं काम आपल्याकडे आहे. ते आपण करू या.



नमो बुद्धाय! जयभीम!